निनावी फोनच्या आधारे पोलीस गाडी थांबवू शकतात का?

वाचकाचे पत्र: गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री सॅन होजे येथील मराठी मंडळाचा कार्यक्रम आटोपून आम्ही इंटरस्टेट ८८० वरून फ्रीमाँटला घरी परतत होतो. गाडीत पत्नी, दोन मुले आणि साताऱ्याहून आलेले माझे वडील होते. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलची गाडी काही अंतर आमच्या मागून आली आणि मग दिवे लावून तिने आम्हाला थांबवले. 'या वर्णनाच्या आणि या नंबरच्या गाडीने मला रस्त्याबाहेर ढकलले, असा फोन कोणीतरी ९११ वर नाव न सांगता केला आहे,' असे अधिकारी म्हणाला. लेन बदलताना मागच्या एका गाडीने जोरात हॉर्न वाजवला होता, एवढेच मला आठवते. मी दारू घेत नाही. अधिकाऱ्याने मला खाली उतरवून पेनाच्या टोकाकडे बघायला लावले, नंतर 'डिक्की पाहू का?' असे विचारले आणि मी 'हो' म्हणालो. वीसेक मिनिटांनी पावती न देता आम्हाला सोडले. त्याने स्वतः माझी एकही चूक पाहिलेली नव्हती. केवळ निनावी फोनवरून त्याला गाडी थांबवता येते का? डिक्की दाखवायला मी नकार देऊ शकलो असतो का? फोन कोणी केला हे कळू शकेल का? ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी माझे बिनसले आहे, त्यामुळे मनात शंका येते.
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार,

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, पण तेच आधी देतो. अधिकाऱ्याने सांगितले तसाच मजकूर त्या फोनमध्ये असेल, तर आपली गाडी थांबवणे अमेरिकेच्या आजच्या कायद्यात बसते. डिक्कीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे आपण नकार देऊ शकला असता आणि केवळ त्या नकारामुळे आपल्यावर कोणताही ठपका आला नसता. या दोन उत्तरांमध्ये जो फरक आहे, तो नीट समजून घेतला तर उरलेल्या शंकाही सुटतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती आणि अटकाव यांपासून संरक्षण देते, आणि रस्त्यावर गाडी थांबवणे, मग ते पाच मिनिटांसाठी का असेना, हा कायद्याच्या दृष्टीने अटकावच असतो. तो करण्यासाठी पोलिसाकडे निदान 'वाजवी संशय' असावा लागतो. १९६८ सालच्या 'टेरी विरुद्ध ओहायो' या निकालाने ही कसोटी घालून दिली. अटकेसाठी किंवा झडतीसाठी लागणाऱ्या सबळ कारणापेक्षा ही पायरी खालची आहे, परंतु ती नुसत्या अंदाजाची किंवा मनात आलेल्या शंकेची पायरी नव्हे. अधिकाऱ्याला विशिष्ट, सांगता येण्यासारखी वस्तुस्थिती दाखवावी लागते. आपल्या वडिलांना हे कदाचित नवे वाटेल, कारण आपल्याकडे नाकाबंदीत गणवेशातील पोलिसाने परवाना मागितला की तो दाखवावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमात तशी तरतूदच आहे आणि 'माझ्यावर संशय कशावरून?' हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र केवळ परवाना आणि गाडीची कागदपत्रे तपासावीत म्हणून वाटेल ती गाडी थांबवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली 'डेलावेअर विरुद्ध प्राउस' या खटल्यात स्पष्ट केले. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी ठरावीक पद्धतीने उभारलेली तपासणी नाकी हा त्याला मान्य असलेला अपवाद आहे, आणि आपल्याला थांबवले ते अशा नाक्यावर नव्हते.

आता प्रश्न उरतो तो हा, की अधिकाऱ्याने स्वतः काहीच पाहिलेले नसताना एका अनोळखी माणसाच्या शब्दावर हा वाजवी संशय उभा राहू शकतो का. सर्वोच्च न्यायालयाने याचा विचार प्रामुख्याने तीन खटल्यांत केला आणि ते तिन्ही मी क्रमाने सांगणार आहे, कारण आपले प्रकरण त्यांतल्या तिसऱ्याशी विलक्षण मिळतेजुळते आहे.

पहिला खटला १९९० सालचा, 'अलाबामा विरुद्ध व्हाइट'. माँटगोमेरी शहरात पोलिसांना निनावी फोन आला की अमुक महिला अमुक वेळी ठरावीक सदनिकेतून बाहेर पडेल, मागचा उजवा दिवा फुटलेल्या तपकिरी प्लिमथ गाडीत बसून एका मोटेलकडे जाईल आणि तिच्याजवळच्या तपकिरी बॅगेत औंसभर कोकेन असेल. पोलिसांनी पाळत ठेवली, गाडी सांगितल्याप्रमाणे निघाली, आणि मोटेलच्या अलीकडे त्यांनी ती थांबवली. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे वैध ठरवले. फोन करणाऱ्याने त्या बाईच्या पुढच्या हालचाली आधीच सांगितल्या होत्या आणि त्या बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या, त्याअर्थी त्याला आतली माहिती होती, असा तर्क न्यायालयाने केला. तरीही हे प्रकरण अगदी काठावरचे आहे, असे निकालातच नमूद केले. असहमत न्यायमूर्तींच्या वतीने न्या. स्टीव्हन्स यांनी एक इशारा दिला. शेजाऱ्याचा रोजचा क्रम ठाऊक असलेला कोणीही आकसापोटी असा फोन करू शकतो, हा तो इशारा. आपल्या सहकाऱ्याविषयी आपण व्यक्त केलेली भीती याच जातीची आहे.

दुसरा खटला २००० सालचा, 'फ्लॉरिडा विरुद्ध जे. एल.'. मायामी परिसरातल्या एका बसथांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक कृष्णवर्णीय तरुण उभा आहे आणि त्याच्याजवळ पिस्तूल आहे, असा निनावी फोन आला. पोलीस गेले, तसा मुलगा दिसला, त्याला चाचपले आणि पिस्तूल खरोखरच सापडले. तरीही न्यायालयाने एकमताने ती झडती अवैध ठरवली. न्या. गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या या निकालाचे सार असे, की शर्टाचे वर्णन जुळले म्हणून माणूस ओळखता येतो, परंतु तो गुन्हा करत आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. माहिती खरी निघाली हेही झडतीचे समर्थन होऊ शकत नाही, कारण पोलिसाच्या कृतीचे मोजमाप ती करण्याच्या क्षणी त्याला काय ठाऊक होते त्यावरून होते, नंतर काय सापडले त्यावरून नव्हे. मला हा निकाल मनापासून पटतो. एखाद्याचा रंग, कपडे आणि उभे राहण्याची जागा एवढे कोणीही रस्त्यावरून जाता जाता सांगू शकतो, आणि तेवढ्यावर माणसाच्या अंगाला हात लावण्याची मुभा मिळाली तर निनावी फोन हे सूड घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन होईल.

तिसरा खटला आपल्याच कॅलिफोर्नियातला आहे. ऑगस्ट २००८ मध्ये मेंडोसिनो काउंटीत हायवे पेट्रोलला ९११ वरून निरोप मिळाला की हायवे १ वर दक्षिणेकडे जाणाऱ्या एका चंदेरी फोर्ड पिकअपने फोन करणाऱ्या व्यक्तीला रस्त्याबाहेर ढकलले. निरोपात गाडीचा नंबर आणि मैलाचा दगडही सांगितलेला होता. फोननंतर सुमारे १८ मिनिटांनी, सुमारे १९ मैल दक्षिणेला ती गाडी अधिकाऱ्याला दिसली. त्याने सुमारे पाच मिनिटे तिचा पाठलाग केला, त्या काळात चालकाने कोणतीही चूक केली नाही, आणि तरीही त्याने ती थांबवली. मागच्या हौद्यात ३० पौंड गांजा निघाला. 'नॅव्हरेट विरुद्ध कॅलिफोर्निया' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २२ एप्रिल २०१४ रोजी ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने गाडी थांबवणे वैध ठरले.

बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. थॉमस यांनी माहितीवर विश्वास ठेवण्याची तीन कारणे दिली. पहिले म्हणजे, ती प्रत्यक्षदर्शीची होती. 'या गाडीने मला रस्त्याबाहेर ढकलले' असे म्हणणारा ऐकीव सांगत नसतो, आपल्यावर गुदरलेले सांगत असतो. दुसरे, घटना आणि फोन यांत फारसा वेळ गेला नव्हता, त्यामुळे रचून सांगायला सवड नव्हती. तिसरे, फोन ९११ वर केला होता, जिथे बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि फोन कुठून आला याचा माग काढता येतो, म्हणून खोटे बोलणारा सहसा तिथे फोन करणार नाही. एवढे मान्य केल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: सांगितलेल्या वर्तनावरून कोणता गुन्हा सूचित होतो? दुसऱ्याला रस्त्याबाहेर ढकलणे, रस्ताभर नागमोडी गाडी हाकणे, मधली रेषा ओलांडणे ही दारूच्या अमलाखाली गाडी चालवण्याची ओळखीची लक्षणे आहेत, आणि तो गुन्हा अजून चालू असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. पाच मिनिटे नीट गाडी चालवली म्हणून तो संशय संपत नाही, कारण मागे पोलिसाची गाडी दिसली की कोणीही सांभाळून चालवतो. मात्र त्याच निकालात एक मर्यादाही घातलेली आहे. सीटबेल्ट लावलेला नाही किंवा वेग थोडा अधिक आहे एवढेच निनावी फोनवर सांगितले असेल, तर केवळ त्यावरून गाडी थांबवणे घटनेच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

न्या. स्कॅलिया यांनी त्यावर कठोर असहमती नोंदवली आणि न्या. गिन्सबर्ग, सोटोमायोर व केगन त्यांच्याबरोबर होत्या. एरवी परस्परविरोधी बाजूंना दिसणारी ही नावे इथे एकत्र यावीत, यावरूनच प्रश्न किती गंभीर आहे हे कळते. गाडीचा रंग, नंबर आणि दिशा हे रस्त्यावरच्या कोणालाही दिसते, त्यामुळे ते जुळल्याने आरोप खरा ठरत नाही. ९११ वरचा फोन शोधता येतो हे फोन करणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. आणि एका वेळच्या बेफिकीर चालवण्यावरून दारूचा निष्कर्ष काढणे ही फार लांबची उडी आहे, असे त्यांचे मुद्दे होते. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. दारू प्यायलेला माणूस मनात आणले म्हणून पाच मिनिटे सरळ गाडी चालवू शकत नाही. त्यामुळे अधिकाऱ्याने मागून जाऊन काहीच वावगे पाहिले नाही, तर त्याच्या हातातला संशय वाढण्याऐवजी कमी व्हायला हवा. पण दुसरी बाजू हलकी नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अशाच एका प्रकरणात, दारू प्यायलेल्या चालकाविषयीच्या निनावी माहितीवरून, पोलिसाने स्वतः पुरेसे काही पाहिल्याशिवाय, गाडी थांबवणे अवैध ठरवले होते, आणि त्यावर सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पुढच्याच वर्षी लिहिले होते की अशा नियमामुळे मद्यधुंद चालकाला गाडी भरकटवण्याची एक संधी फुकट मिळते, आणि ती एकच संधी कोणाच्या तरी प्राणावर बेतू शकते. ज्यांच्या घरातले माणूस अशा अपघातात गेले आहे, त्यांच्यासमोर माझा युक्तिवाद मला जपूनच करावा लागेल.

आपल्या प्रकरणात सगळे काही एका गोष्टीवर अवलंबून आहे: फोनवर नेमके काय बोलले गेले? 'या गाडीने मला रस्त्याबाहेर ढकलले' असे शब्द असतील, घटना नुकतीच घडलेली असेल आणि नंबर सांगितलेला असेल, तर आपले प्रकरण नॅव्हरेटच्या चौकटीत तंतोतंत बसते, आणि अधिकारी काही अंतर मागून आला व त्याला काही दिसले नाही याने फरक पडत नाही. पण शब्द केवळ 'त्याने मला कट मारला' किंवा 'इंडिकेटर न देता लेन बदलली' असे असतील, आणि आपण सांगता त्या हॉर्नवरून तेही शक्य आहे, तर बचावाच्या वकिलाला बोलायला भरपूर जागा आहे. आपल्यावर खटला भरला गेला असता, तर कॅलिफोर्निया दंडसंहितेच्या १५३८.५ कलमाखाली पुरावा बाद करण्याचा अर्ज करता आला असता, आणि वॉरंटशिवाय केलेला अटकाव वैध होता हे दाखवण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर पडली असती. नॅव्हरेट प्रकरणात फोन करणाऱ्या व्यक्तीने प्रत्यक्षात आपले नाव सांगितलेले होते, परंतु ध्वनिमुद्रण पुराव्यात आणले गेले नाही, म्हणून तो फोन निनावी धरून सगळा निकाल लागला. आपल्या अधिकाऱ्याने 'नाव नाही' म्हटले, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसण्याचीही शक्यता आहे.

गाडी थांबल्यानंतरच्या प्रत्येक पावलाला मात्र स्वतंत्र आधार लागतो, आणि बहुतेक लोक नेमके हेच विसरतात. चालकाला खाली उतरायला सांगणे १९७७ पासून आणि सोबतच्या प्रवाशांना उतरवणे १९९७ पासून वैध आहे, म्हणून त्यावर हुज्जत घालू नये. परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा दाखवणे आपल्यावर बंधनकारक आहे. 'कुठून आलात, दारू घेतली का' या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक नाही. शांतपणे 'मला उत्तर द्यायचे नाही' असे म्हणता येते, पण खोटे कधीही बोलू नये. पेनाच्या टोकाचा डोळ्यांनी मागोवा घ्यायला लावणे, सरळ रेषेत चालायला लावणे या रस्त्यावरच्या चाचण्या कॅलिफोर्नियात ऐच्छिक आहेत. अटकेपूर्वी हातातल्या यंत्रात फुंकर मारायला लावतात ती प्राथमिक चाचणीही, चालक २१ वर्षांचा किंवा मोठा असेल आणि दारूच्या जुन्या प्रकरणातील प्रोबेशनवर नसेल, तर नाकारता येते. कायदेशीर अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी मात्र नाकारू नये, कारण तसा नकार दिल्यास परवाना निलंबित होतो. आपण मुळीच दारू घेतलेली नव्हती, त्यामुळे पेनाची चाचणी देऊन मोकळे होणे हा आपला निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने वाईट नव्हता.

आपण प्यायलेले नाही हे एकदा स्पष्ट झाल्यावर गाडी थांबवण्याचा हेतू संपला. त्यापुढे केवळ आणखी काही सापडते का ते पाहण्यासाठी आपल्याला ताटकळत ठेवता येत नाही. २०१५ सालच्या 'रॉड्रिग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या निकालाने हे अगदी नेमकेपणाने सांगितले आहे. रस्त्याबाहेर ढकलल्याच्या तक्रारीचा आपल्या डिक्कीशी काडीचा संबंध नव्हता आणि सबळ कारणाशिवाय ती उघडण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे नव्हता, म्हणूनच त्याने आपली परवानगी मागितली. परवानगी दिल्यावर बाकीचे सगळे प्रश्न मिटतात, आणि 'तुम्ही नाही म्हणू शकता' हे सांगण्याचे बंधन पोलिसांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच ठरवले आहे. गणवेशासमोर 'हो' म्हणण्याची सवय आपल्या लोकांच्या अंगी फार खोल मुरलेली आहे आणि त्याबद्दल मी आपल्याला मुळीच दोष देत नाही. पण पुढच्या वेळी 'आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च' हे एकच वाक्य, आवाज न चढवता, दोन्ही हात दिसतील असे ठेवून म्हणावे. त्यानंतरही त्याने डिक्की उघडली तर अंगाने अडवू नये. विरोध शब्दांत नोंदवला गेला की न्यायालयात तो पुरतो. आपल्या वडिलांनाही हे समजावून सांगावे, कारण गाडी थांबते तेव्हा प्रवाशाचाही अटकाव होतो आणि त्यालाही तो आव्हानित करता येतो, असे २००७ सालच्या 'ब्रेंडलिन विरुद्ध कॅलिफोर्निया' निकालाने मान्य केले आहे.

१ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात आणखी एक नियम लागू आहे. जीवित किंवा मालमत्तेला तातडीचा धोका नसेल, तर गुन्ह्याविषयी किंवा वाहतूकभंगाविषयी प्रश्न विचारण्याआधी गाडी का थांबवली हे अधिकाऱ्याने सांगितलेच पाहिजे. आपल्या अधिकाऱ्याने ते सांगितले, त्यामुळे त्याबाबतीत तक्रारीला जागा नाही.

सहकाऱ्याविषयी स्पष्टच लिहितो. शनिवारी रात्री हायवेवर आपण कोणत्या लेनमध्ये आहोत हे त्याला ठाऊक असण्याचा संभव फार थोडा आहे, आणि लेन बदलताना ज्याने हॉर्न वाजवला त्यानेच फोन केला असण्याचा संभव मोठा आहे. ऑफिसात याविषयी एक शब्दही काढू नये. खोटी तातडीची तक्रार करणे हा दंडसंहितेच्या १४८.३ कलमाखाली गुन्हा आहे, पण तो सिद्ध करायला तक्रार खोटी आहे हे करणाऱ्याला माहीत होते असे दाखवावे लागते. घाबरलेल्या चालकाचा गैरसमज त्यात येत नाही. फोन करणाऱ्याचे नाव हायवे पेट्रोल आपल्याला बहुधा देणार नाही, आणि साक्षीदारांनी न घाबरता फोन करावा यासाठी ते योग्यच आहे, असे मला वाटते.

मिळण्यासारखे आहे ते मागावे. घटनेची तारीख, वेळ, ८८० वरील जागा आणि आपल्या गाडीचा नंबर देऊन, कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली हायवे पेट्रोलकडे त्या फोनची संगणकीय नोंद आणि ध्वनिमुद्रण मागणारा लेखी अर्ज करावा. काही भाग झाकून देतील किंवा काही नाकारतील, पण निरोपातले शब्द कळण्याचा हाच सरळ मार्ग आहे. ध्वनिमुद्रणे कायम जपून ठेवली जात नाहीत आणि महिना उलटून गेला आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात पाठवावा. उत्तरात 'रस्त्याबाहेर ढकलले' असे शब्द निघाले तर प्रकरण तिथेच सोडून द्यावे, हा माझा सल्ला. काही निराळेच निघाले, किंवा मागच्या काही महिन्यांत आपल्याला अशाच फोनवरून पूर्वीही थांबवले गेले असेल, तर तो कागद घेऊन आपल्या काउंटीत वकिली करणाऱ्या फौजदारी वकिलाला भेटावे, कारण या सदरातील उत्तर सर्वसाधारण माहितीपुरते आहे आणि प्रत्यक्ष नोंदी पाहिल्याशिवाय कोणीही आपल्याला खात्रीचा सल्ला देऊ शकणार नाही.